बर्फाच्या मुलखातली अंगणवाट : थंडी हाती नाही, पण माती आणि पाणी हाती आहे

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला अटलांटिक महासागराच्या काठी मेन नावाचे राज्य आहे. पोर्टलंड, रॉकलंड, बार हार्बर ही त्याच्या किनाऱ्यावरील गावे. तेथे घराघरापुढे रस्त्यापासून गॅरेजपर्यंत मोटार नेण्यासाठी एक वाट असते. तिला ड्राइव्ह-वे म्हणतात. आपण तिला अंगणवाट म्हणू. कोणाची ती खडीची असते, कोणाची डांबराची, कोणाची काँक्रीटची, तर कोणाची पेव्हर ब्लॉकची.

ही वाट म्हणजे केवळ शोभा नव्हे. हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी मेनमधील पुष्कळ घरे तेलावर अवलंबून असतात आणि त्या तेलाची टाकीवाली गाडी याच वाटेने घराशी येते. बर्फ उपसणारी गाडीही हिच्यावरूनच फिरते. वाट खचली, उखडली किंवा तिच्यावर पाणी साचून त्याची काच झाली, तर म्हातारी माणसे घसरून पडतात. पुन्हा हे काम स्वस्त नसते. सामान्य कुटुंबाची मोठी शिल्लक त्यात जाते. म्हणून ते करणाऱ्या कारागिराच्या हाती घरमालकाचा पैसा असतो आणि स्वतःचे नावही असते.

आपल्याकडील फरशीवाले, गवंडी, पेव्हर ब्लॉकचे उत्पादक आणि लहान ठेकेदार यांना हा विषय दूरचा वाटेल. तथापि पायाखालच्या पाण्याशी झगडण्याची विद्या सगळीकडे एकच आहे. जेथे पाण्याबरोबर बर्फही येतो तेथे ती किती काटेकोर होते, हे पाहण्यासारखे आहे.

किनाऱ्याची थंडी अधिक वाईट का?

आतल्या प्रदेशात थंडी कडक असते, पण ती टिकून राहते. जमीन एकदा गोठली की बराच काळ गोठलेलीच राहते. किनाऱ्यावर समुद्राच्या उबेमुळे पारा शून्याच्या वर-खाली सारखा ये-जा करतो. दिवसा बर्फ वितळते, पाणी भेगेत शिरते आणि रात्री तेच पाणी गोठते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. भेगेत अडकलेले पाणी अशा रीतीने पाचरीसारखे काम करते. एका हिवाळ्यात ही पाचर अनेकदा ठोकली जाते.

दुसरी अडचण मातीची. मेनच्या किनारपट्टीत ठिकठिकाणी निळसर करड्या रंगाची बारीक चिकणमाती सापडते. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे थर मागे हटले, समुद्र जमिनीत आतवर शिरला आणि त्याच्या तळाशी हा गाळ बसला. पोर्टलंडजवळील प्रेझमस्कॉट नदीवरून भूगर्भशास्त्रात या थराला नाव मिळाले आहे. ही माती पाणी धरून ठेवते, सहजासहजी सोडत नाही, आणि ओली झाली की पायाखाली लोण्यासारखी होते.

जमीन फुगते कशी?

पूर्वी असा समज होता की मातीतील पाणी गोठून फुगते आणि एवढ्यामुळेच रस्ता वर उचलला जातो. स्टीफन टेबर या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की कारण एवढेच नाही. त्याने पाण्याऐवजी बेंझीन वापरून पाहिले. बेंझीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती उचललीच गेली. याचा अर्थ, गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून द्रव वर ओढून घेतो. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी चढत जाते आणि गोठणाऱ्या पातळीवर बर्फाच्या चकत्या तयार होतात. या चकत्या जाड होत जातात आणि वरची जमीन उचलतात.

यातून एक नियम निघतो आणि तो या पाठाचा कणा आहे. जमीन फुगायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : गोठवणारी थंडी, पाणी ओढणारी बारीक माती, आणि पाणी. तिघांपैकी एक नसली तर फुगवटा नाही. थंडी आपल्या हाती नाही. माती बदलणे आणि पाणी वळवणे मात्र हाती आहे.

माती किती बारीक असली की धोका? आर्थर कॅसाग्रांदे या अभियंत्याने त्याच काळात माप दिले. लहानमोठ्या कणांचे चांगले मिश्रण असलेल्या भरावात ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर तो भराव फुगण्याची शक्यता धरावी. म्हणूनच त्या मुलखातले जाणते ठेकेदार खडी घेताना ती धूळमातीने भरलेली नाही ना, हे आधी पाहतात. मुठीत ओली खडी दाबून सोडावी. हाताला चिखल लागला आणि गोळा तसाच राहिला तर तो माल पायासाठी चांगला नव्हे. ही साधी परीक्षा आहे. प्रयोगशाळेची चाळणी तिच्याहून खात्रीची.

फुगण्यापेक्षाही वितळण्याचा काळ वाईट असतो. वसंत ऋतूत जमीन वरून खाली वितळत जाते. खालचा थर अजून दगडासारखा गोठलेला असतो, त्यामुळे वरच्या थरात मोकळे झालेले पाणी खाली झिरपू शकत नाही. पाया पाण्याने तुडुंब भरतो. अशा वेळी जड गाडी गेली की पृष्ठभाग मोडतो. या दिवसांत मेनमधील अनेक रस्त्यांवर जड वाहनांना बंदीच्या पाट्या लागतात. सरकारी रस्त्याची ही कथा, तर घरच्या वाटेची काय?

पाया : दिसत नाही, पण सगळे त्यावरच

दक्षिण मेनच्या भागात घराचा पाया सुमारे ४ फूट खोल नेतात, कारण थंडी तेवढी खोल पोचू शकते. त्यातही अंगणवाटेवरचा बर्फ आपण उपसून टाकतो. बर्फ हे जमिनीचे पांघरूण असते. ते काढले की वाटेखाली थंडी बाजूच्या बागेपेक्षा जास्त खोल जाते. म्हणून कोणी विचारील, की मग ४ फूट माती काढून खडी भरावी काय? घरच्या वाटेला तेवढा खर्च परवडत नाही. साधारण ८ ते १२ इंच दाबलेला खडीचा पाया घालतात, आणि निळ्या मातीवर १२ इंच किंवा त्याहून अधिक. याने फुगवटा पूर्ण थांबत नाही. पण तो कमी होतो, सगळीकडे सारखा होतो, आणि वितळण्याच्या काळात भार पेलण्याची ताकद शिल्लक राहते. जो ठेकेदार "माझे काम कधीच हलणार नाही" असे सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे.

कामाचा क्रम असा :

१. खोदण्यापूर्वी जमिनीखालील तारा व नळ कोठे आहेत ते विचारून घेणे. अमेरिकेत यासाठी ८११ हा एकच क्रमांक २००७ पासून देशभर चालतो. फोन केल्यावर संबंधित कंपन्या येऊन रंगाने खुणा करून जातात. हे न करता फावडे चालवले तर गॅसची नळी फुटून जीव जाऊ शकतो.

२. गवत, मुळे आणि वरची काळी माती पूर्ण काढणे. कुजणारी वस्तू पायाखाली राहिली की पुढे तेथे खड्डा पडतो.

३. उघडलेली जमीन उतार देऊन सारखी करणे आणि रोलरने दाबणे. पाया भरल्यावर नव्हे, उतार येथूनच सुरू होतो. खालची जमीन खोलगट राहिली तर खडीखाली पाण्याचे तळे होते.

४. चिकणमाती असेल तर तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरणे. हे कापड पाणी जाऊ देते, पण खालचा चिखल वर खडीत चढू देत नाही आणि खडी खाली चिखलात रुतू देत नाही. एकूण खर्चात त्याचा भाग लहान असतो, फायदा मोठा. काम झाकले गेल्यावर ते घातले की नाही हे कोणालाच दिसत नाही, म्हणून इमानदारीची परीक्षा येथे होते.

५. फोडलेली, कोनदार खडी थराथराने भरणे. एक थर ४ ते ६ इंचांचा, आणि प्रत्येक थर वेगळा दाबायचा. १२ इंच एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे ४ इंच दाबले जातात, खालचे मोकळेच राहतात. गोल गुळगुळीत नदीचा गोटा वापरू नये. तो एकमेकांत अडकत नाही.

६. उतार राखणे. १ फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण २ टक्के, आणि तो घरापासून दूर. गॅरेज रस्त्यापेक्षा खाली असेल तर दारापुढे आडवी जाळीची नाली घालून पाणी बाजूला न्यावे. नालीचे पाणी रस्त्यावर सोडता येत नाही. तेथे त्याचे बर्फ होते आणि दुसऱ्याचा अपघात.

वरचा थर : कोणता निवडावा?

*खडीची वाट.* ग्रामीण मेनमध्ये ही फार आढळते. स्वस्त असते, फुगली तरी फुटत नाही, दरवर्षी फावड्याने व दाताळ्याने सारखी करता येते. मध्यभाग थोडा उंच ठेवला तर पाणी दोन्ही बाजूंनी उतरते. वसंतात चिखल होतो आणि बर्फ उपसताना खडी बागेत उडते, हे तिचे दोष.

*डांबर.* तेथे सर्वात जास्त पसंती यालाच. थोडे लवचिक असल्याने जमिनीबरोबर किंचित हलू शकते, आणि काळा रंग उन्हाने तापून बर्फ लवकर वितळवतो. दाबून झाल्यावर एकूण २ ते ३ इंच जाडी हवी. चांगल्या कामात खाली जाड खडीचा थर आणि वर बारीक खडीचा थर असे दोन थर टाकतात. गरम माल साधारण १३५ ते १६० अंश सेल्सिअसला टाकायला घेतात आणि तो सुमारे ८० अंशांखाली जाण्यापूर्वी रोलर पूर्ण व्हावा लागतो. थंड वाऱ्यात पातळ थर काही मिनिटांतच निवतो. म्हणून तेथील हंगाम वसंताच्या अखेरीपासून पानगळीपर्यंतचा. हिवाळ्यात डांबराचे बरेचसे कारखानेच बंद असतात. डिसेंबरात डांबर टाकून देतो म्हणणारा माणूस आपली अडचण भागवतो, गिऱ्हाइकाची नव्हे.

*काँक्रीट.* जास्त टिकते, पण जास्त नियम मागते. गोठणाऱ्या मुलखात काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवणारे रसायन घालतात. एकूण हवा ५ ते ७ टक्के. गोठणाऱ्या पाण्याला पसरायला त्या बुडबुड्यांत जागा मिळते. पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नको, जाडी किमान ४ इंच, आणि सुमारे ८ ते १० फुटांवर सांधा, खोली जाडीच्या चौथ्या भागाइतकी. माल पसरायला सोपा जावा म्हणून जागेवर पाणी ओतणे हा सर्वात मोठा गुन्हा. वरचा पृष्ठभाग त्यामुळे कमजोर होतो आणि दोन हिवाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. पहिल्या हिवाळ्यात बर्फ वितळवणारे मीठ टाकूच नये. घसरू नये म्हणून वाळू टाकावी. पुढेही अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेले पदार्थ काँक्रीटवर कधीच टाकू नयेत. ते सिमेंटलाच खातात.

*पेव्हर ब्लॉक.* आपल्या वाचकांपैकी अनेकांचा हा धंदाच आहे. मोटारीच्या वाटेला ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक, खाली १ इंच वाळू, आणि त्याखाली वर सांगितलेला पाया. ब्लॉक सुटे असल्याने जमीन हलली तर ते हलतात, पण फुटत नाहीत. खचलेला भाग उचलून, पाया दुरुस्त करून तेच ब्लॉक परत बसवता येतात. दोन गोष्टी चुकतात : काठाला भक्कम आधार न देणे आणि पाया कमी करून वाळू जाड करणे. वाळूचा थर हा उशी आहे, पाया नव्हे.

हिशेब : माल किती लागेल?

समजा वाट ४० फूट लांब व १२ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ ४८० चौरस फूट.

दाबलेले डांबर ३ इंच म्हणजे पाव फूट. ४८० ला पावाने गुणले की १२० घनफूट. दाबलेल्या मालाचे वजन घनफुटाला सुमारे १४५ पौंड. म्हणजे १७,४०० पौंड, अर्थात सुमारे ७.९ टन.

पाया १२ इंच, म्हणजे १ फूट. ४८० घनफूट. दाबलेली खडी सुमारे २८ ते ३० टन.

हा हिशेब गिऱ्हाइकालाही यावा. कारखान्यातून आलेल्या प्रत्येक ट्रकबरोबर वजनाची चिठ्ठी असते. ठेकेदाराने ३ इंच कबूल केले आणि चिठ्ठीवर ५ टनच दिसले तर वाट २ इंचांपेक्षाही पातळ झाली, हे तेथल्या तेथे कळते. आणखी एक शब्दाचा खेळ लक्षात ठेवावा. "४ इंच टाकतो" असे म्हणणारा मोकळा माल मोजत असतो. रोलर फिरल्यावर त्याचे ३ इंच उरतात. करारात "दाबून झाल्यावर" हे शब्द लिहून घ्यावेत.

दुरुस्ती : वेळीच टाका

डांबरी वाटेचा पहिला शत्रू भेग. अर्ध्या इंचापर्यंतच्या भेगा साफ करून, पूर्ण कोरड्या करून रबरमिश्रित भरणाने बुजवाव्यात. हे काम पानगळीच्या आधी करावे, म्हणजे हिवाळ्याचे पाणी आत जात नाही. ओल्या भेगेत भरलेला माल वसंतात निघून येतो.

खड्डा पडला तर त्याच्या कडा करवतीने सरळ चौकोनी कापाव्यात, सैल माल काढावा, खालची खडी दाबावी, कडांना डांबराचा हात द्यावा आणि गरम माल थराथराने भरून दाबावा. हिवाळ्यात गरम माल मिळत नाही, तेव्हा पोत्यातला थंड माल भरतात. ती मलमपट्टी होय. वसंतात खरे काम करावेच लागते.

वरून सीलकोट लावणे दर ३ ते ५ वर्षांनी पुरे. नव्या डांबराला काही महिने निवू द्यावे. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर व कोरडी असावी. सीलकोट पृष्ठभाग जपतो, मोडलेला पाया जोडत नाही. काळा चकचकीत रंग पाहून वाट नवी झाली असे समजू नये. कोलटारपासून केलेला सीलकोट टाळावा. त्यातील अपायकारक द्रव्ये पावसाबरोबर ओढ्यांत जातात. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. समुद्रकाठच्या मुलखात तर हे पाणी थेट मासेमाऱ्यांच्या खाडीत जाते.

दुरुस्ती, वरचा थर, की सगळे नवे? एक उदाहरण

समजा त्याच ४० फुटी वाटेला २० वर्षे झाली आहेत. वरच्या दोनतृतीयांश भागात चारदोन लांब भेगा आहेत. गॅरेजजवळच्या खालच्या भागात मगरीच्या पाठीसारखे जाळे पडले आहे आणि पाऊस पडला की तेथे पाणी साचते. घरमालकाने तीन ठेकेदार बोलावले.

पहिला म्हणतो, आहे त्याच्यावर दीड इंच डांबर टाकतो. दर सर्वात कमी. दुसरा म्हणतो, सगळे उखडून नवे करावे लागेल. दर पहिल्याच्या तिप्पट. तिसरा म्हणतो, "आधी मला दोन ठिकाणी खड्डा घेऊन पाहू द्या. मग सांगतो."

खड्डे घेतले. वरच्या भागात डांबराखाली १० इंच स्वच्छ कोरडी खडी निघाली. खालच्या भागात जेमतेम ४ इंच खडी आणि तीही निळ्या मातीत मिसळलेली, ओली.

आता विचार करा. मगरीच्या पाठीसारखी भेग म्हणजे पृष्ठभागाचा नव्हे, पायाचा आजार. पहिल्याने दीड इंच थर टाकला तर खालच्या भेगा एकदोन हिवाळ्यांत वर उमटतील. शिवाय गॅरेजच्या दाराशी पातळी दीड इंचाने चढेल आणि साचणारे पाणी थेट गॅरेजमध्ये शिरेल. दुसऱ्याचे काम वाईट होणार नाही, पण घरमालक चांगली खडी उखडायचे पैसे देईल. योग्य मार्ग तिसऱ्याचा : खालचा सुमारे १६० चौरस फुटांचा भाग पूर्ण खोदून कापड, १२ इंच पाया, दारापुढे नाली आणि ३ इंच डांबर. त्याला सुमारे १० टन खडी आणि पावणेतीन टन डांबर लागेल. वरच्या भागात फक्त भेगा भरणे. जोड करवतीने सरळ कापून केला तर तो दिसेल, पण टिकेल. आणि दोन्ही खड्ड्यांत चिखल निघाला असता तर? तर दुसराच ठेकेदार बरोबर ठरला असता. निर्णय दरपत्रकावर नव्हे, खड्ड्यात जे दिसले त्यावर करायचा असतो.

तिसऱ्या ठेकेदाराने मोठे काम सोडून लहान काम घेतले. त्या हंगामात त्याचा नफा कमी झाला असेल. परंतु अंगणवाट ही रोज शेजाऱ्यांच्या नजरेसमोर असते. पाच हिवाळ्यांनंतर तीच त्याची जाहिरात करते.

फसवणूक कशी होते?

दर वसंतात तेथील पोलीस आणि राज्याचे कायदा खाते लोकांना एका फसवणुकीबद्दल सावध करतात. अनोळखी टोळी ट्रक घेऊन दारात येते. "शेजारच्या कामाचा माल उरला आहे, आजच्या आज निम्म्या दरात टाकून देतो" असे सांगते. बहुधा घरात एकटे राहणारे वृद्ध गाठते. पाया खोदत नाही, पातळ थर पसरते, काम झाल्यावर ठरल्यापेक्षा जास्त रोख मागते आणि गावातून निघून जाते. येथे वरचा हिशेब आठवावा. गरम माल टन मोजून मागवला जातो आणि तासागणिक निवत जातो. अंगणभर माल "उरत" नसतो.

अशा लोकांमुळे इमानदार कारागिरावरही संशय येतो. त्याला उत्तर कागदाने द्यावे लागते. मेन राज्यात घराच्या बांधकाम-दुरुस्तीचे ३,००० डॉलरपेक्षा मोठे काम लेखी करारानेच करावे लागते आणि विसार एकूण रकमेच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त घेता येत नाही. घरी येऊन केलेल्या बहुतेक विक्रीत गिऱ्हाइकाला तीन कामकाजी दिवसांत माघार घेण्याचा हक्क केंद्रीय नियमाने दिला आहे. राज्याच्या रस्त्याला वाट जोडायची तर वाहतूक खात्याचा परवाना लागतो. समुद्रकाठापासून २५० फुटांच्या पट्ट्यात १९७१ च्या कायद्यान्वये वेगळे नियम आहेत. तेथे बहुतेक ठिकाणी छपरे, वाहनतळ, वाटा अशा उघड्या पृष्ठभागांना जागेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि खडीची वाटही त्यात मोजली जाते. वाट रुंद करण्यापूर्वी नगरपालिकेत विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

करारात एवढे तरी असावे : लांबी-रुंदी, किती खोल खोदणार, कापड घालणार की नाही, पाया व डांबर दाबून झाल्यावर किती इंच, उतार कोणत्या बाजूला, निघालेली माती कोण नेणार, ८११ ला फोन व परवाना कोणाकडे, पैसे कोणत्या टप्प्याला, आणि हमी कशाची, कशाची नाही. व्यवहार लिहून ठेवण्याचा दंडक आपल्या समाजाला नवा नाही. तो पाळण्यात मात्र आपण संकोच करतो. "ओळखीचाच माणूस आहे" म्हणून कागद टाळतो आणि पुढे काम राहते बाजूला, ओळखच तुटते.

आपल्यासाठी काय?

कोकणात जमीन गोठत नाही, पण चार महिने पाणी तुंबते. पेव्हर ब्लॉक खचतात ते ब्लॉक वाईट म्हणून नव्हे. खाली मातीवर थेट वाळू टाकलेली असते आणि पाण्याला वाट नसते, म्हणून ते खचतात. थराथराने दाबणे, काठाला आधार, चिकणमातीवर कापड, फुटाला पाव इंच उतार आणि "दाबून झाल्यावर" जाडी लिहिणे, या पाच गोष्टी येथेही जशाच्या तशा लागू पडतात. परदेशी कामाला जाणाऱ्या आपल्या तरुण गवंड्यांनी तर त्या जाण्यापूर्वीच हाती बसवाव्यात.

पुढच्या कामाला दर सांगण्यापूर्वी एक करून पाहा. गिऱ्हाइकासमोर एक हातभर खड्डा घ्या आणि आत काय निघते ते त्याला दाखवा. मग दर सांगा. घासाघीस कमी होईल, आणि झाकलेल्या कामाबद्दल नंतर कोणी बोट दाखवणार नाही.